हात तपासायचा राहिला

गुल्हाने सर कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरले की आधी माणसांकडे पाहत नसत, वर पाहत. चुलीवरच्या लाकडाला नाहीतर टिनाला बोट लावायचे, बोट अंगठ्यावर घासायचे आणि मग घरच्यांना रामराम म्हणायचे. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा असंच केलं. माझी सासू बाजेवर बसली होती. तिला वाटलं, हा माणूस घर विकत घ्यायला आला की काय.

"सयपाक कोन करते या घरी?" त्यांनी विचारलं.

"सून करते. काऊन जी? काई चुकलं का तिचं?"

"चुकलं नाई. इतक्या वर्साची चूल अन् वर इतकं कमी काजळ म्या कुठंच पाह्यलं नाई."

मी दाराआड उभी होते. परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही. माझा नवरा वारून तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघीच होतो. सरांनी माझं शिक्षण विचारलं. सासूनंच सांगितलं, चौथी. मग त्यांनी दाराकडे तोंड करून विचारलं, "आकडे वाचता येते का बाई?" मी पदराआडून मान हलवली.

"बस झालं," ते म्हणाले. "जास्त शिकलेला मानूस आकडा वाचत नाई, आकडा सांगते."

अशी मी त्यांच्याकडे कामाला लागले आणि सात वर्षं राहिले. मी माझ्या वडिलांनाही इतकं जवळून पाहिलं नव्हतं.

सर वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सेलूच्या बाहेर, आमच्या गावाच्या रस्त्यावर, एक टिनाचं शेड घेतलं. तिथे ते चुली तपासायचे. आता घरोघरी गॅस आला आहे, पण आमच्याकडे भाकरी, आंघोळीचं पाणी, ढोरांचं आंबोण अजून चुलीवरच होतं. म्हणून कमी धुराच्या चुली बनवणारे खूप निघाले. कोणाची चूल पंख्याची, कोणाची भोकाभोकांची. प्रत्येक जण म्हणायचा, माझी चूल धूर करत नाही. पण संस्था किंवा सरकार गावात चुली वाटण्याआधी विचारायचे, हे तुम्ही म्हणता, दुसरं कोणी म्हणतं का? ते दुसरं कोणी म्हणजे गुल्हाने सर. ते चूल बनवत नसत, विकत नसत, वाटत नसत. फक्त मोजत.

शेडमध्ये चुलीवर एक मोठं पत्र्याचं उलटं नरसाळं टांगलं होतं. चुलीचा सगळा धूर त्यात जायचा आणि पुढे पाइपातून मशीन थोडा धूर ओढून घ्यायचं. तो धूर एका गोल पांढऱ्या कागदातून जायचा, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा कागद. धूर गेला की कागद काळा व्हायचा. कागदाचं वजन आधी करायचं आणि नंतर करायचं, काचेच्या पेटीतल्या काट्यावर. जितकं वजन वाढलं तितका धूर. माझं काम चूल पेटवायचं, ठरलेलं पाणी उकळायचं, ठरलेला भात आणि ठरलेल्या भाकरी करायच्या, आणि कोणत्या वेळेला किती सरपण घातलं ते वहीत लिहायचं.

पहिल्याच आठवड्यात मी एक कागद चिमट्याऐवजी बोटानं उचलला. सर पलीकडून पाहत होते. रागावले नाहीत. सकाळभराचं काम त्यांनी बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "बोटालेबी वजन असते, बेबीबाई. घामाले असते. उद्या पुन्हा करू." मला रडू आलं, तर म्हणाले, "रडू नका, खोलीतली हवा ओली होते. काटा बिघडते." ते थट्टा करत होते हे मला संध्याकाळी घरी गेल्यावर समजलं आणि मी एकटीच हसले.

वहीत चुकलं तर खोडायचं नाही, असा त्यांचा नियम होता. चुकलेल्या आकड्यावर फक्त एक रेघ मारायची. "खालचं वाचता आलं पायजे. मानूस काय चुकला हे जगाले दिसू द्या. झाकलं की मंग लोकं बरोबर लिहिलेल्यावरबी भरोसा ठेवत नाई."

चूल बनवणाऱ्यांची माणसं यायची. चांगल्या कपड्यातली, गाडीतून उतरणारी. त्यांना तपासणीच्या वेळी शेडमध्ये बसू देत नसत. बाहेर कडुनिंबाखाली एक बाक होता, तिथे बसवायचे. त्यांचा चहा सर घेत नसत आणि त्यांनी आणलेलं सरपणही वापरू देत नसत. सरपण माझ्या गावाहून यायचं, कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्या, जे आमच्या भागात प्रत्येक घरामागे रचलेलं असतं. एकदा एक जण सागाचे एकसारखे कापलेले, वाळवलेले तुकडे पोत्यात घेऊन आला.

"सर, आमच्या चुलीला असेच तुकडे लागतात. बारीक, एका मापाचे."

"मंग चुलीसंगं तुकडे करनाराबी द्या ना एकेक," सर म्हणाले. "घरोघरी."

"सर, मजाक नका करू. पऱ्हाट्यांनी नापास होईल ती."

"तं होऊ द्या. तिले गावातच राह्यचं हाये ना? गावचं खाता आलं पायजे तिले."

तो माणूस दिवसभर बाकावर बसून राहिला. चूल नापास झाली. जाताना सरांनी त्याला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिली आणि त्यानं ती खाल्ली. "मानूस वाईट नाई," सर मला नंतर म्हणाले. "चूल बनवनाऱ्याले आपली चूल चांगलीच दिसते. आईले जसं आपलं पोट्टं दिसते. म्हनून तं आपन हावो. आपल्याले पासबी करायची नाई अन् नापासबी करायची नाई. पाह्यची हाये."

रोज सकाळी ते सर्वांत आधी काटा तपासायचे. एक पितळी वजन होतं, ते ठेवून आकडा बरोबर येतो का पाहायचे. मग मशीन, मग घड्याळ, मग सरपणाचा ओलावा. "काल बरोबर होता म्हून आज बरोबर असन, असं नाई," म्हणायचे. मी तिसऱ्या माणसासमोर न बोलणारी बाई, पण शेडमध्ये मला भीती वाटत नसे. तिथे जे काही होतं ते तपासलेलं होतं.

तिथे काम करताना माझ्या मनात एक गोष्ट असायची, ती मी कधी कोणाला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं मला वाटलंच नाही. आमच्याकडे चूल धूर करते असं कोणी म्हणत नाही. बाई धूर करते असं म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा धूर झाला की सासू बाहेरून विचारायची, "काऊन वो, आज ध्यान कुठं हाये?" तेव्हापासून धूर दिसला की माझा हात आपोआप जातो. काडी मागे ओढते, राख सारते, पऱ्हाट्या बोटभर लांबीच्या मोडते, एकेक घालते. शेडमध्ये तर सर समोर बसलेले. एखादी चूल धूर करायला लागली की मला लाज वाटायची. मी तिला सांभाळून घ्यायचे. सात वर्षांत किती तरी चुली हाताखालून गेल्या आणि प्रत्येकीचा स्वभाव मला दोन दिवसांत कळू लागला. सर म्हणायचे, "बेबीबाई, तुमच्या वहीतला एक दिवस दुसऱ्या दिवसासारखाच येते. असं मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेतबी होत नाई." ती शाबासकी मी मनात जपून ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वी बाहेरून लोखंडी पत्र्याची आणि आतून मातीची अशी एक चूल आली. तोंड अरुंद होतं. आम्ही ती पंधरा दिवस तपासली. कागद जवळजवळ पांढराच निघाला. सरांनी पास लिहून दिलं, खाली सही केली. मग एका संस्थेनं ती चूल आर्वी तालुक्यात खूप घरांना वाटली. माझं माहेर रोहण्याचं. माझ्या वहिनीलाही मिळाली. तिचा फोन आला, "अवो बेबी, तुमच्या शेडातून पास होऊन आली म्हने. म्या जुनी चूल फोडून टाकली." मला फार बरं वाटलं. माझ्या हातातून गेलेली वस्तू माहेरी पोचली होती.

चूल वाटल्यावर पाच-सहा महिन्यांनी सर कोणी सांगितलेलं नसताना एखाद्या गावी जाऊन यायचे. नुसतं पाहायला. त्या हिवाळ्यात ते रोहण्याला निघाले आणि माहेर म्हणून मलाही सोबत घेतलं. दोन गाड्या बदलून गेलो.

वहिनीच्या घरी आम्ही शिरलो आणि सरांनी नेहमीप्रमाणे वर पाहिलं. मीही पाहिलं. टिन काळं झालं होतं. वहिनीची जुनी चूल बाहेर सपरीत होती, तिन्ही बाजू उघड्या. नवीन चुलीला धूर नाही म्हणून वाटणाऱ्यांनी सांगितलं, आता आत घ्या, थंडीची ऊबही मिळेल. वहिनीनं ती आतल्या खोलीत मातीनं लिंपून पक्की बसवली होती. त्या खोलीत खिडकी नाही. तिथेच पाळणा होता. वहिनीची पोरगी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि छातीत कफ भरला म्हणून एकदा बारा दिवस दवाखान्यात राहून आली होती. हे मला माहीत होतं. पण मी ते चुलीशी जोडून पाहिलं नव्हतं.

"जसा रोज करता तसा सयपाक करा," सर वहिनीला म्हणाले. "मी नाई असं समजा."

"पन तुमी हाये ना जी इथं," वहिनी हसली. मग तिनं पऱ्हाट्या अख्ख्याच्या अख्ख्या तोंडात कोंबल्या, वरून थोडं रॉकेल टाकलं, पेटवली आणि पोरगी रडली म्हणून उठून गेली. खोली धुरानं भरली. ती आली, फुंकणीनं फुंकलं, दोन भाकरी टाकल्या, पुन्हा बाहेर गेली, कोंबड्या हाकलल्या. तिला सहा माणसांचं करायचं होतं. चुलीसमोर बसून राहायला तिला वेळ कुठून असणार?

सर भिंतीला टेकून बसले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. सगळं झाल्यावर म्हणाले, "आता बेबीबाई, तुमी करा. याच चुलीवर. हेच सरपन."

मी बसले. पऱ्हाट्या मोडल्या. राख सारली. हात आपोआप चालला. थोड्या वेळात खोली निवळली. वहिनी पोरगी कडेवर घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाप्पा! ही तं धूरच नाई करून राह्यली."

मला आधी आनंद झाला. हे मी लिहून ठेवते, कारण ते खरं आहे. मग मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी हातातली काडी खाली ठेवली.

"चूल पास झाली नवती, बेबीबाई," ते हळू म्हणाले. "तुमी पास झाल्या होत्या."

पोरगीची छाती घरघरत होती. सरांनी तिच्या पाठीला कान लावला, डॉक्टरासारखा. वहिनी विचारत होती, "हे चुलीनं झालं का जी?" मी मनात म्हणत होते, नाही म्हणा. एवढं एक खोटं बोला.

"चुलीनंच झालं असं मी म्हनू शकत नाई, बाई," सर म्हणाले. "म्या मोजलं नाई. पन चुलीनं नाई झालं असंबी म्हनू शकत नाई."

परतताना वर्ध्याच्या स्टँडवर उतरल्यावर सर बाकावर बसले आणि म्हणाले, "रोज काटा तपासला. घड्याळ तपासलं. सरपनाचं पानी तपासलं. हात तपासला नाई. सगळ्यात कमी काजळ कोनाच्या घरी, ते पाहून बाई निवडली म्या. वाटलं, काम नीट करन. इतकं साधं कसं नाई समजलं मले?"

"मायंच चुकलं सर," मी म्हणाले. "मी सांभाळून घेत होती."

"चांगला सयपाक करनं गुन्हा हाये का? तुमी तुमचं काम केलं. मायं काम होतं हे पाह्यचं."

त्यांनी मला रागवायला हवं होतं. मला ते सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडात गेले तर चुलीपुढचा माझा पाट उचललेला होता. सर दारात उभे होते. "बेबीबाई, आता तुमी चुलीपाशी बसाचं नाई," ते म्हणाले. "आतबी नाई. आता दुसऱ्या बाया बोलावतो. तुमी समोर असल्या तं त्या तुमचं पाहून करतीन." मी बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसले, जिथे चूल बनवणाऱ्यांची माणसं बसायची. आतून कागद यायचे, ते मी चिमट्यानं धरून बाजूच्या खोलीतल्या काट्यापर्यंत न्यायचे आणि वजन लिहायचे. त्यांचं बरोबर होतं. तरी त्या बाकावर मी पहिले काही दिवस मान खाली घालूनच बसले.

त्याच चुलीवर बसवायला त्यांनी गावागावांतून पाच बायका बोलावल्या, हुशार अशी एकही नको असं सांगून. एक जण चूल पेटवून मोबाइलवर बहिणीशी बोलायला बाहेर गेली ती परत यायलाच तयार नाही. सर खूश होऊन मला म्हणाले, "अशीच पायजे होती मले." कितीतरी दिवसांनी ते हसले होते. पाचही जणींचे कागद काळे निघाले. काट्यावर मीच ठेवले. एकेक आकडा दोनदा वाचून मीच लिहिला.

मग सरांनी पत्रं लिहिली, एकाच बाईच्या हातानं तपासलेल्या सगळ्या चुलींसाठी. माझे आधीचे कागद धरू नका, तपासणीत चूक माझी आहे, पुन्हा करून देतो. त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्या चुलीवाल्याचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, सही तर तुमचीच आहे. वाटून झाल्या चुली. आता तुम्हीच गप्प बसा की." दुसऱ्यांनीही चुली पाठवणं बंद केलं. ज्याला स्वतःची चूक सांगायची सवय आहे, त्याच्याकडे कोण वस्तू तपासायला देणार? शेड रिकामं झालं.

संस्थेकडून त्यांनी घरांची यादी आणली आणि आम्ही जायला लागलो. आठवड्यातून दोन दिवस. घर सापडलं की सर सांगायचे, ही चूल चांगली आहे असं मी लिहून दिलं होतं, ते चुकलं, कृपा करून चूल बाहेर सपरीत घ्या आणि लेकरू दूर निजवा. मी मागे छत्री आणि यादी धरून उभी राहायचे. बोलायचे ते सर.

"तवा चांगली म्हने, आता खराब म्हने," एका घरचा म्हातारा म्हणाला. "तुमचं डोकं तं जाग्यावर हाये ना जी?"

"डोकं हाये. कागद चुकला."

"अन् आता हे बरोबर कशावरून?"

सर पायरीवर बसले. "हे खरं विचारलं तुमी," म्हणाले, आणि त्या म्हाताऱ्याला सगळं सांगितलं, काटा, कागद, पाच बायका. ऊन चढलं तरी सांगत होते. म्हाताऱ्यानं शेवटी सुनेला हाक मारून चूल उचलायला लावली. पानठेल्यावरची माणसं मात्र त्यांना पाहून हसायची. चूल मास्तर आले म्हणायची. सरांना ते ऐकू यायचं.

चालताना ते थांबायला लागले होते. छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "काई नाई, चला." मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. म्हणाले, यादी झाली की दाखवतो.

दिवाळी होऊन गेल्यावर एका मंगळवारी आम्ही सेलूच्या स्टँडवर भेटायचं ठरलं होतं. सात वर्षांत सर एकदाही उशिरा आले नव्हते. मी उभी राहिले. आर्वीकडची गाडी जोडणारी पहिली गाडी गेली, दुसरी गेली. फोन लागत होता, कोणी उचलत नव्हतं. दुपारी मी त्यांच्या घरी गेले तर अंगणात माणसं जमली होती. सकाळी बाहेर निघायला म्हणून ते खुर्चीवर बसून बूट घालत होते, सरांच्या बायकोनं, काकूंनी सांगितलं. एक बूट घातला होता.

तेराव्यानंतर काकूंनी मला यादी दिली. "हे त्याईच्या खिशात होतं. तुया कामाचं असन तं ने." झालेल्या घरांवर सरांनी एकेक रेघ मारली होती, नावं वाचता येतील अशी. शेवटच्या पानावर रेघ नव्हती.

मी महिनाभर काही केलं नाही. यादी डब्यात ठेवली होती. वहिनीची पोरगी आता चालते, पण चार पावलं धावली की उभी राहते आणि तोंड उघडून श्वास घेते. संक्रांतीला माहेरी गेले तेव्हा ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी भावाला न सांगता पुढच्या गावची गाडी धरली.

पहिलंच घर होतं. माझ्याच वयाची बाई उंबरठा सारवत होती. आतून धूर येत होता. मी अंगणात जाऊन उभी राहिले.

"काय पायजे वो बाई?" तिनं विचारलं.

मी सरांचं वाक्य म्हणून दाखवलं. अर्धंच नीट आलं. तिनं सारवणाचा हात बादलीत धुतला.

"आमाले तं सांगतलं होतं, तपासून पास झाली हाये. कागदबी दाखोला होता. ज्यानं पास म्हून लिवलं त्यालेच पाठवजो. तो येऊन मले सांगन तं उचलीन."

ते वारले, एवढंच मला सांगायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर तिनं हळहळून चहा केला असता आणि चूल तिथेच राहिली असती.

"म्याच पास केली होती," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग आत गेली आणि खुरपं घेऊन आली. तिनं चुलीभोवतीची माती मोकळी केली आणि आम्ही दोघींनी चूल उचलून बाहेर आणली.